फाइलचं घराणं

जुन्या मैफलींची रेकॉर्डिंगं जमवणाऱ्या मंडळींत एक वाद कायम धुमसत असतो. एमपीथ्री की फ्लॅक, फ्लॅक की वेव्ह, आणि एकातून दुसऱ्यात नेलं की आवाजाचं काय होतं? वाद शेवटी कानांवर येऊन अडतो. एकाला फरक ऐकू येतो, दुसऱ्याला येत नाही, आणि कोणाचे कान खरे हे ठरवायला तिसरे कान आणायचे कुठून? माझं म्हणणं असं की हा वाद फार थोडा कानांचा आणि बराचसा हिशेबाचा आहे, आणि हिशेब तपासता येतो. खाली माझ्याशी बोलणारे संग्राहक म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. या छंदातले जे आक्षेप मला वजनदार वाटतात ते त्यांच्या तोंडी घातले आहेत. ते माझ्याहून वडील आहेत असं धरलं आहे, कारण या छंदात बहुधा तसंच असतं.

संग्राहक: अहो, मला मुळात हे सोवळंच पटत नाही. ऐकायचं असतं ते गाणं, फाइल नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेबांना तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, वर सुईची खरखर. तरी लोकांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक मैफली एमपीथ्रीत आहेत. एक जण सांगतो, फ्लॅकमध्ये न्या, सुधारतील. दुसरा म्हणतो, फ्लॅकही शेवटी आवळलेलीच फाइल, वेव्हच ठेवा. तिसरा म्हणतो, सरसकट ३२० केबीपीएस करा आणि गप्प बसा. कोणाचं ऐकू?

मी: तिघांचंही नको. तिघेही कुठे न्यायचं ते सांगताहेत. फाइल आली कुठून, हे एकानेही विचारलेलं नाही. आधी सीडीचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत ध्वनीची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक, आणि डाव्या-उजव्या बाजूंचं वेगवेगळं. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासभराची मैफल सुमारे ६३५ एमबी. वेव्ह फाइलमध्ये हे आकडे जसेच्या तसे ओळीने लिहिलेले असतात. फ्लॅक तेच आकडे कमी जागेत बसवतो. समजा, लागोपाठची मोजमापं १०००, १०१०, १०२१ आणि १०३० आहेत. ध्वनीची रेषा सहसा वेड्यावाकड्या उड्या मारत नाही, त्यामुळे पहिल्या दोनांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधता येतो: दुसऱ्याची दुप्पट वजा पहिलं, म्हणजे १०२०. प्रत्यक्षात आहे १०२१, तेव्हा चूक १. त्यापुढचा अंदाज १०३२, प्रत्यक्षात १०३०, चूक उणे २. फ्लॅक सुरुवातीची मोजमापं लिहितो आणि पुढे फक्त चुका: १, उणे २. लहान आकड्यांना बिट कमी लागतात, बचत तेवढीच. उघडताना तोच अंदाज पुन्हा बांधायचा, चूक मिळवायची, की मूळ आकडा हजर. जवळपासचा नव्हे, तोच. प्रत्यक्षातले अंदाज याहून हुशार असतात, पण तत्त्व हेच. फ्लॅक बनवताना ० ते ८ अशी पातळी निवडायला मिळते, तिचाही लोकांनी उगाच धसका घेतला आहे. आठवर फाइल थोडी लहान होते आणि बनवायला वेळ जास्त लागतो. आकडे दोन्हीकडे तेच.

संग्राहक: कागदावर जुळलं. पण ज्यांच्या कानांवर माझा भरवसा आहे अशी माणसं म्हणतात की चांगल्या यंत्रणेवर वेव्ह मोकळी वाजते आणि फ्लॅक अंग चोरून. त्यांना खोटं ठरवायचं?

मी: माणसांना खोटं ठरवायची गरज नाही, फाइल तपासली की पुरे. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा ३२ अक्षरी एमडीफाइव्ह ठसा लिहिलेला असतो. फाइल उघडून निघालेल्या आकड्यांचा ठसा त्याच्याशी ताडून पाहता येतो. मधला एक बिट जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. याहून सोपी दुसरी कसोटी कुठल्याही संपादन सॉफ्टवेअरमध्ये होते. मूळ वेव्ह एका पट्टीवर ठेवा, फ्लॅकवरून परत बनवलेली वेव्ह दुसरीवर, दुसरी उलटी करा आणि दोन्हींची बेरीज घ्या. उरते ती पूर्ण शांतता. कमी आवाज नव्हे, शून्य. तरीही कोणाला फरक ऐकू येत असेल, तर तो बहुधा खराच असतो, पण त्याचं कारण फॉरमॅटमध्ये नसतं. फ्लॅकच्या टॅगमध्ये रिप्लेगेन नावाची आवाजाच्या पातळीची सूचना असू शकते. प्लेअर ती पाळतो आणि वाजवताना आवाज दोन-चार डेसिबल खाली आणतो. वेव्हला सहसा ती सूचना नसते, म्हणून ती मोठ्याने वाजते. आणि किंचित मोठं वाजणारं आपल्या कानाला 'मोकळं' वाटतं, ही ध्वनितंत्रातली जुनी फसगत आहे.

संग्राहक: बरं, फ्लॅक सुटला. मग तुमचा राग एमपीथ्रीवर?

मी: राग नाही, उलट कौतुक आहे. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते गणितापेक्षा कानाच्या अभ्यासावर उभं आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या कंपनसंख्येवरचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. मोठा त्याला झाकून टाकतो. मग झाकलेल्या भागाचे आकडे ठोकळमानाने लिहिले तर बिघडलं कुठे? सीडीच्या १,४११ केबीपीएसच्या जागी १२८ मध्ये काम भागतं ते असं. कसोटीला ब्रान्डेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचं 'टॉम्स डायनर' हे साथीविना गायलेलं गाणं वापरलं, कारण एकट्या गळ्याभोवती चुका लपवायला जागा नसते. आपल्या गाण्यात तर याहून कठीण प्रसंग येतो: सतत झंकारणारा तंबोरा आणि त्याच्यावर अचानक पडणारा तबल्याचा घाव. एमपीथ्रीची एक चौकट १,१५२ मोजमापांची, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची असते, आणि ठोकळमानाने लिहिल्याने आलेला खडबडीतपणा लिहिलेल्या तुकड्यावर पसरतो. शांततेत तबल्याचा 'ना' वाजला, तर तो खडबडीतपणा घावाच्या आधीच्या क्षणीही सांडतो. एन्कोडर अशा वेळी लहान तुकडे करून तो आवरतो, पण बिटरेट कमी असेल तर घावाची धार बोथट होतेच.

संग्राहक: कमी बिटरेटचं सोडा. नीट बनवलेली २५६ ची एमपीथ्री आणि सीडी, कोणती वाजतेय हे न सांगता ऐकवलं, तर मला ओळखता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही. मग जे ऐकूच येत नाही त्याचं नुकसान कसलं?

मी: हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो, आणि त्याचा अर्धा भाग सरळ मान्य करतो. अशा चाचणीत बहुतेकांना फरक सांगता येत नाही. मघाची उलट-बेरजेची कसोटी इथे लावली तर शांततेऐवजी कुजबुजल्यासारखा, फाटका आवाज उरतो. काही जण तो ऐकवून 'बघा, एमपीथ्रीने काय खाल्लं' असं म्हणतात. ते लबाडीचं आहे. तो आवाज एकटा ऐकू येतो म्हणून गाण्यासोबतही ऐकू येईल असं नाही. झाकला जावा म्हणूनच तर तो तिथे टाकलेला असतो. पण तुमच्या आक्षेपात एक गोष्ट गृहीत आहे: ही फाइल ऐकण्यापलीकडे आणखी कशालाही वापरली जाणार नाही. संग्राहकाच्या घरात असं कधी झालंय? कोणी तिच्यातला द्रुत ख्याल कापून घेतो, कोणी आवाज वाढवतो, कोणी फोनसाठी एएसी बनवतो, आणि दर वेळी फाइल उघडून पुन्हा एन्कोड होते. दुसऱ्या एन्कोडरला पहिल्याने काय टाकलं हे माहीत नसतं. पहिल्याचा खडबडीतपणा त्याला संगीतच वाटतो. त्यावर तो बिट खर्च करतो आणि वर स्वतःच्या चुकांची भर घालतो. फॉरमॅट तोच ठेवला तरी सुटका नाही, कारण एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते, चौकटींच्या सीमा सरकतात आणि दुसऱ्या खेपेला कात्री वेगळ्याच ठिकाणी पडते. पहिल्या पिढीत झाकलेलं तिसऱ्या-चौथ्या पिढीत उघडं पडू लागतं. एमपीथ्री कानाच्या मर्यादेपर्यंत खर्च करून बसलेली असते. पुढच्या खर्चाला शिल्लक राहत नाही. म्हणून फाइल किती केबीपीएसची आहे यापेक्षा तिची ही कितवी पिढी आहे, हे आधी विचारावं.

संग्राहक: मग तो पहिला सल्ला? एमपीथ्री फ्लॅकमध्ये नेण्याचा?

मी: बिघडत काही नाही, मिळतही काही नाही, फक्त फाइल काही पट फुगते. फ्लॅक त्याला दिलेले आकडे इमानाने जपतो, एमपीथ्रीने ठोकळमान केलेलेही. खरा धोका वेगळाच. त्या फाइलला आता फ्लॅकचं नाव लागलं. पुढे ती ज्याच्या हाती जाईल तो तिला मूळ प्रत समजेल. १२८ ची ३२० केली तरी तेच, फक्त तिथे एक पिढी वायाही जाते. यूट्यूबवरून उतरवलेल्या मैफलींचं असंच असतं. तिथून ध्वनी येतो तो ओपस किंवा एएसीमध्ये, आणि '३२० एमपीथ्री' असं बटण देणारा त्याच आवाजावर दुसरी कात्री चालवून फाइल तेवढी मोठी करून देतो. असला बनाव पकडायला कान लागत नाहीत. फाइलचा स्पेक्ट्रम काढून पाहा. १२८ च्या एमपीथ्रीत साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग सरळ रेषेत कापलेला दिसतो. फ्लॅकमध्ये तशी रेषा दिसली तर शंका घ्यायला जागा आहे; पण जुन्या तबकडीच्या रेकॉर्डिंगमध्ये वर मुळातच फारसं काही नसतं, तेव्हा तिथे घाईने आरोप नको.

संग्राहक: तबकडीचं निघालंच आहे तर विचारतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत इतकी खरखर, आवाजाचा पल्ला एवढासा. ती तुम्ही लोक २४ बिट, ९६,००० सॅम्पलवर उतरवता, तासाला दोन जीबी खर्च करून. हे चोचले नाहीत? सीडीपेक्षा वरचं कोणाला ऐकू येत नाही म्हणे.

मी: ऐकण्यापुरतं बोलायचं तर तुम्ही बरोबर आहात. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या मापातून काढलेला ध्वनी अशा ५५४ चाचण्या घेतल्या. बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. पण तबकडी उतरवणं म्हणजे ऐकणं नव्हे, ती पुढच्या कामाची पहिली पायरी आहे. सुई ओरखड्यावरून जाते तेव्हाचा 'टक्' अतिशय तीक्ष्ण आणि क्षणिक असतो. सॅम्पल दाटीने घेतले की तो अरुंद राहतो, आणि टक्टक काढणाऱ्या सॉफ्टवेअरला तो नेमका उचलून गाण्याला धक्का न लावता पुसता येतो. हेच रेकॉर्डिंग आधी एमपीथ्री करा आणि मग साफ करायला बसा: प्रत्येक 'टक्' चौकटीत पसरून गळ्याच्या आवाजात मिसळलेला. वर आणखी एक गंमत. खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून फ्लॅकलाही तिथे जागा फारशी वाचवता येत नाही आणि एमपीथ्रीचे ठरावीक बिट खरखर लिहिण्यातच जातात. गायकाच्या वाट्याला उरलेले येतात. चांगल्या ध्वनिमुद्रणाला जी १२८ पुरते, ती जुन्या तबकडीला पुरत नाही. गैरसमज मात्र नेमका उलटा आहे: जुनंच आहे, कमी दर्जा चालेल!

आणि पट्टीचं काय? ७८ हा आकडा लेबलवर असतो. सुरुवातीच्या काळात तबकड्या प्रत्यक्षात त्याच गतीने कापल्या गेल्या असं नाही. गती चुकली की गायकाची काळी एक पांढरी एक होते, आणि गळ्याची जातही बदलल्यासारखी वाटते. उद्या कोणी अभ्यास करून बरोबर गती ठरवली, तर सगळे आकडे नव्याने मोजावे लागतील. ते काम न छेडलेल्या प्रतीवरून व्हावं, साफ केलेल्या एमपीथ्रीवरून नव्हे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना २४ बिट आणि किमान ४८,०००, शक्यतो ९६,००० सॅम्पलची शिफारस करते, ती याच जातीच्या कारणांसाठी. तुमच्या फोनवर वाजवायला त्यातूनच १६ बिटांची किंवा एमपीथ्रीची प्रत काढा, खुशाल. ती प्रत उघड-उघड उतरंडीची असते आणि तिच्यापासून पुढे काही जन्मत नाही.

संग्राहक: आणि फोनवर मी ब्लूटूथच्या डबीतून ऐकतो, तीही आवाज आवळूनच पाठवते. मग फ्लॅकचे एवढे लाड कशाला?

मी: ब्लूटूथ आवळतं ते त्या वेळच्या हवेतल्या ध्वनीला. फाइल जागची हलत नाही. उद्या तुम्ही तारेचे हेडफोन लावले की ते नुकसान गेलं. फाइलमधलं जात नाही.

संग्राहक: मला वाटलं होतं, 'लॉसलेस' म्हटलं की डोळे मिटून इकडून तिकडे न्यावं. तेही नाही का?

मी: आकड्यांपुरतं हो. फ्लॅकवरून आयफोनसाठी अ‍ॅपलच्या एएलएसीमध्ये, तिथून वेव्हमध्ये, परत फ्लॅकमध्ये, शंभर फेऱ्या मारल्या तरी ठसा तोच. पण रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही खुणा आधीच केलेल्या असतात, त्या बघून घ्या. 'नॉर्मलाइझ' लागू असेल तर प्रत्येक आकडा बदलतो. ४८,००० ची फाइल ४४,१०० वर नेली तर सगळी मोजमापं नव्याने काढली जातात. २४ बिटांवरून १६ वर आणताना खालचे आठ बिट जातात. फॉरमॅट लॉसलेस असतो, ही कामं नसतात. एम४ए नावाच्या फाइली आणखी चकवतात, कारण तो नुसता डबा आहे. आत एएसीही असू शकतं आणि एएलएसीही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पण आपल्या लोकांचं सर्वांत मोठं नुकसान ध्वनीत होतच नाही, ते टॅगमध्ये होतं. राग, ताल, तबल्याला कोण, पेटीवर कोण, मैफल कुठली, साल कोणतं: ही माहिती वेव्हमध्ये धड बसत नाही. फ्लॅकची वेव्ह केली आणि वेव्हची परत फ्लॅक, की ध्वनी शाबूत आणि माहिती गायब. एमडीफाइव्ह ठसाही ध्वनीपुरताच असतो, त्याला याचा पत्ता लागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवातलं अमुक सालचं रेकॉर्डिंग 'ट्रॅक ०३' होऊन फिरायला लागतं ते असं. मला विचाराल तर बारीक आवाज गेल्यापेक्षा हे जास्त लागतं.

संग्राहक: माझ्याकडे काही मैफली मिनीडिस्कवर आहेत. तिथे तर मूळच आवळलेलं.

मी: हो. १९९२ साली सोनीने आणलेल्या मिनीडिस्कमध्ये ॲट्रॅक पद्धतीने सीडीच्या साधारण पाचव्या हिश्श्यात ध्वनी बसवलेला असतो. तिथे मूळ तेच, त्यापलीकडे मागे जायला काही नाही. डिस्क डिजिटल तारेने वाजवून ते फ्लॅकमध्ये घ्या, म्हणजे कात्री एकदाच लागलेली राहील. इथे 'आवळलेलं फ्लॅकमध्ये नेऊ नका' हा नियम लागू नाही, कारण ॲट्रॅक खासगी मालकीचं आहे आणि ते वाजवणारी यंत्रं संपत चालली आहेत. फ्लॅकचा आराखडा २०२४ च्या डिसेंबरमध्ये इंटरनेटच्या मानकांत रीतसर छापला गेला, कोणीही वाचून तो वाजवणारं सॉफ्टवेअर लिहू शकतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून गेली, तेव्हा ती कशी वाजवायची त्याची आकृती वेष्टनावर कोरलेली होती. फॉरमॅट निवडताना असंच काहीसं बघावं. ज्या मैफली तुमच्याकडे फक्त एमपीथ्रीत आहेत त्यांना मात्र हात लावू नका. कापायची असेल तर चौकटीच्या सीमेवर कापणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यांत पुन्हा एन्कोड होत नाही. आवाज वाढवायचा असेल तर एमपीथ्रीगेन चौकटीतला पातळीचा आकडाच बदलतं, दीड-दीड डेसिबलच्या टप्प्यांनी. ते परतही फिरवता येतं. आणि टॅगमध्ये लिहून ठेवा: कोणाकडून आली, कशावरून बनली, किती बिटरेटची होती.

संग्राहक: कपाटभर कॅसेटी आहेत त्या राहिल्या.

मी: काका, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. बाकी सगळं झालेलं आहे, कॅसेटचं अजून व्हायचंय. टेप दर वर्षी म्हातारी होतेय. आणि खरं रूपांतर तिथेच होतं, चुंबकीय फितीचं आकड्यांत. तिथे डेकचं हेड तिरकं असेल तर वरचे स्वर फितीवर असूनही उचलले जात नाहीत, आणि मग फ्लॅक घ्या की वेव्ह, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलेच नसतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून दर कॅसेटला हेड जुळवावं लागतं. दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू हळूहळू फिरवा. तंबोऱ्याची जवारी आणि फितीची सळसळ सर्वांत लख्ख होईल तिथे थांबा.

संग्राहक: तो स्क्रू माझ्या डेकला असेल?

मी: बहुतेक डेकना असतो. झाकण काढलं की हेडच्या दोन बाजूंना दोन दिसतील; ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो.